गाडी उचलली आहे, हरकत असल्यास कळवावे

गाडी उचलून नेल्यावर रिकामी जागा जेवढी मोठी दिसते, तेवढी ती गाडी लावताना कधीच दिसलेली नसते. सकाळी पुढच्याचा बंपर आणि मागच्याचा दिवा सांभाळत, आरसे मिटून, श्वास रोखून जिथे गाडी घुसवली होती, तिथे आता लग्नाची पंगत बसेल एवढे मैदान पसरलेले असते. मालक आधी स्वतःवर संशय घेतो. इथेच लावली होती ना? मग बायकोवर घेतो. मग चोरावर. खिशातून चावी काढून तो हवेत बटण दाबतो. कुठून तरी ओळखीचा 'कुंई' आवाज येईल या आशेने. आवाज येत नाही. येतो तो टपरीवाला.

"उचलली साहेब. आत्ताच. पाच मिनिटं झाली."

ही पाच मिनिटे कायमची असतात. तुम्ही दोन तासांनी आलात तरी गाडी पाच मिनिटांपूर्वीच गेलेली असते. आणि ती उचलताना टपरीवाला, इस्त्रीवाला, रसवंतीवाला असे सगळे हजर असूनही कोणी काही बोललेले नसते, कारण तेवढ्या वेळात त्यांची स्वतःची दुचाकी आत ओढून घेणे चालू असते.

चोरी झालेली नाही हा आनंद फार वेळ टिकत नाही. चोराने नेली असती तर निदान विमा कंपनीकडे दावा लावता आला असता, हे लक्षात येते. चोर पावती देत नाही हे खरे, पण पैसेही मागत नाही. तोवर भोवती माणसे जमतात आणि फुटपाथवर विधी महाविद्यालय भरते. "बोर्डच नाहीये इथे." "बोर्ड आहे, पण झाडामागे आहे." "अनाउन्समेंट करायला पाहिजे, नियम आहे तसा." "कोर्टात खेचा त्यांना, सोडू नका." कोर्टात खेचण्याचा सल्ला देणारा माणूस सहसा पायी आलेला असतो.

अशा अनेक प्रसंगांना मी बघ्या म्हणून हजर राहिलो आहे आणि त्यातून माझे एक मत झाले आहे. गाडी उचललेला माणूस कायदा शोधत नसतो. तो दुसरा गुन्हेगार शोधत असतो. कायदा मात्र त्याला देण्यासाठी बरेच काही घेऊन बसलेला असतो, आणि त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आमच्या सोसायटीत एक वकीलकाका आहेत. ते वकील नाहीत. त्यांचा मोबाइल वकील आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७ हे त्यांचे आवडते कलम. "गाडी दहा तास सोडून दिलेली असेल, तरच उचलता येते. माझी अकरा मिनिटं होती," असे ते कोणालाही, अगदी कचरा न्यायला आलेल्या ताईंनाही सांगतात. कलमात दहा तास आहेत, यात काका खोटे बोलत नाहीत. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी हलवता येते, असे त्यात म्हटलेच आहे. फक्त वाक्य तिथे संपत नाही. जिथे गाडी लावायला कायद्याने मनाई आहे तिथे लावलेली गाडीही हलवता येते किंवा तिला जॅमर लावता येतो, असे त्याच वाक्यात पुढे आहे, आणि त्यासाठी दहा तासांची अट नाही. व्हॉट्सॲपवर वाक्याचा पहिला अर्धाच काकांपर्यंत पोचला. दुसरा अर्धा पुढे पाठवण्यासारखा नव्हता.

त्याच कलमात मालकाच्या उपयोगाची एक गोष्ट आहे आणि ती काकांना माहीत नाही. गाडी हलवण्याची परवानगी त्या हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायची असते. टेम्पोवरच्या पोरांना स्वतःच्या मर्जीने कोणाच्या हँडलला हात लावायचा अधिकार नाही. ती पोरे गाडी उचलण्यात वाकबगार असतात. भरलेल्या डिकीची स्कूटर दोघे जण अशी अलगद वर घेतात की आपण आयुष्यभर ती सेंटर स्टँडला का लावू शकलो नाही, याची लाज वाटावी. पण शेजारी खाकी किंवा पांढरा गणवेश उभा नसेल, तर त्यांची ही सगळी कला बेकायदा. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा: "साहेब कोण आहेत इथले?" आवाज खाली ठेवून. याच प्रश्नाचा चढ्या आवाजातला प्रकार म्हणजे "मला ओळखत नाही का?" आणि त्याने आजवर एकही गाडी सुटलेली मी पाहिलेली नाही.

कलमाच्या शेवटच्या ओळीत ओढून नेण्याचा सगळा खर्च मालकाचा, दंड वेगळा, असे स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे आपली गाडी आपल्या इच्छेविरुद्ध आपण न ठरवलेल्या ठिकाणी गेल्याचे भाडे आपणच द्यायचे. रिक्षावालेही अधूनमधून हेच करतात, पण त्यांच्याकडे कलम नसते.

आता मनाई कुठे आहे? इथे आपली समजूत अशी की, बोर्ड असेल तिथेच मनाई. बाकी सगळा देश पार्किंग. कायद्याची समजूत नेमकी उलट आहे. चौकात, वळणावर, फुटपाथवर, सिग्नलजवळ, झेब्रा क्रॉसिंगपाशी, बस थांब्यापाशी, शाळा-दवाखान्याच्या दारात, दुसऱ्या उभ्या गाडीला खेटून, कोणाच्या फाटकाच्या तोंडावर गाडी लावू नये, हे नियमांतच सांगितलेले आहे. त्यासाठी खांबावर पाटी लागत नाही. पाटीचा प्रश्न येतो तो एखादा रस्ता किंवा त्याची एखादी बाजू खास आदेशाने बंद केली असेल तेव्हा. तिथे मात्र आदेश हवा, पाटी हवी आणि ती माणसाला दिसेल अशी हवी. झाडामागची पाटी झाडाला दिसते, तिचा उपयोग झाडापुरताच.

यातून पुण्यातल्या फाटकांवरच्या पाट्यांची गंमत होते. 'येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल', 'फाटक हे गाडी आत-बाहेर करण्यासाठी असते, तुमच्यासाठी नव्हे', असे साहित्य ज्या पेठांत बहरले त्या साहित्याला कायद्यात शून्य किंमत. पाटी घरमालकाची, तिने 'नो पार्किंग' जाहीर होत नाही. हवा सोडणे तर उलट घरमालकालाच महागात पडेल. पण फाटक अडवणे पाटीशिवायही नियमभंगच आहे. म्हणजे घरमालकाचा साहित्यप्रपंच फुकट, हक्क मात्र शाबूत. पुण्यात हे कोणाला पटवून सांगण्याच्या फंदात पडू नये. पाटी काढावी लागेल या नुसत्या कल्पनेने लोक आजारी पडतात.

पुण्याने या विषयात आणखी एक भर घातली आहे, ती पी-वन आणि पी-टूची. विषम तारखेला रस्त्याची एक बाजू, सम तारखेला दुसरी. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावताना पुणेकराच्या चेहऱ्यावर पंचांग सांगणाऱ्याचे समाधान असते. व्यवस्था सोपी आहे. अडचण इतकीच की रात्री बारा वाजता तारीख बदलते आणि माणूस झोपलेला असतो. आमचे काका ३१ तारखेची वाट पाहतात, कारण ३१ विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम. सलग दोन दिवस गाडी हलवायला नको. असा योग वर्षातून सात वेळा येतो, लीप वर्षात आठ वेळा. काकांनी हे मुहूर्त कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवले आहेत आणि गावाला जायचे ते त्यांनाच धरून.

असो. गाडी उचलली गेली, आता ती आणायला जायचे. मागे शेजारच्या वहिनींची स्कूटर आणायला त्यांच्यासोबत गेलो होतो. जागा कोणती ते सांगत नाही. अशा जागा सगळीकडे सारख्याच. पुलाखालचे पत्र्याचे आवार, दाराशी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत हवालदार, त्यांच्या हातात चलनाचे यंत्र. आत दुचाक्या एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून उभ्या. एका मोपेडच्या हुकाला भाजीची पिशवी तशीच लटकलेली, तिच्यातली कोथिंबीर उन्हाने मान टाकू लागलेली. बाजूला तीन-चार मोटारी, त्यांतल्या एकीच्या काचेवर 'प्रेस' लिहिलेले, दुसरीवर नुसताच वकिलांचा पांढरा पट्टा. आवारात सर्व धर्म, सर्व व्यवसाय समान होते.

"आरसी दाखवा मॅडम."

"आरसी डिकीत आहे."

"मग काढून आणा."

"डिकीची चावी गाडीच्या चावीलाच आहे, ती ही घ्या. पण तुमचा माणूस मला आत सोडत नाही."

"आरसी दाखवल्याशिवाय आत कसं सोडणार?"

हा पेच काही काळ तसाच उभा राहिला. मग रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलाने वहिनींना डिजिलॉकर उघडून दिले. त्यातली कागदपत्रे चालतात, नियमांत तशी तरतूद आहे आणि हवालदारांनाही ते माहीत होते. फक्त कोणीतरी दाखवायला हवे होते. कागद लागला, यंत्रातून पावती आली. पावतीत दंड निराळा, ओढणावळ निराळी आणि ओढणावळीवर १८ टक्के जीएसटी निराळा. पुण्यात काही वर्षांपूर्वी दुचाकीचा हा हिशोब ७८५ रुपये ५६ पैसे असा निघत असे. छप्पन्न पैसे! जी छोटी नाणी सरकारने चलनातून बाद केली, ती वाहतूक खात्याच्या चलनात सुखाने नांदत होती.

वहिनींनी पैसे भरले आणि मग तो प्रश्न विचारला, जो त्या आवारातल्या प्रत्येकाच्या ओठांवर होता. "पण साहेब, तिथे वीस गाड्या होत्या. माझीच का?"

हवालदार म्हणाले, "मॅडम, टेम्पोत सहाच मावतात."

इतके प्रामाणिक उत्तर सरकारी खुर्चीतून क्वचित येते. पण वहिनींचे समाधान झाले नाही आणि कोणाचेच होत नाही. 'माझीच का' हा आपला राष्ट्रीय बचाव आहे. आपण चूक केली नाही असे कोणी म्हणतच नाही. इतरांनीही केली, त्यांना सोडले, म्हणून मलाही सोडा, एवढीच नम्र मागणी. यावर सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर ठरलेले आहे. १९९५ सालच्या चंदीगड प्रशासन विरुद्ध जगजितसिंग या प्रकरणात त्याने सांगितले की, एकाला बेकायदा फायदा मिळाला म्हणून दुसऱ्याला समानतेच्या नावाने तोच बेकायदा फायदा मागता येत नाही. ते प्रकरण एका भूखंडाचे होते, पण नो पार्किंगमधल्या वीस गाड्यांना ते तंतोतंत लागू पडते. घटनेचे १४ वे कलम सर्वांना समान वागवा म्हणते. सर्वांना समान सोडा म्हणत नाही. 'त्या काळ्या गाडीला का नाही उचललं?' या प्रश्नाचे कायद्यातले योग्य उत्तर 'तिलाही उचलतो' हे आहे. एकदा ते खरोखर मिळाले. काळी गाडी प्रश्नकर्त्याच्या मेहुण्याची निघाली.

मुंबईने ही समानता एकदा फार वरपर्यंत नेली. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा लावलेल्या गाड्यांना हजारोंत दंड सुरू केला, मोटारीला तर थेट दहा हजार. लोक हिशोबच करत होते, तेवढ्यात त्याच महिन्यात खुद्द महापौरांची गाडी विलेपार्ल्यात नो पार्किंगमध्ये उभी असल्याचे फोटो आले आणि तिच्या नावाने चलन निघाले. चलन पाहून मुंबईकरांना जे समाधान मिळाले, ते दंडाच्या रकमेत मोजता येत नाही. दुसरा गुन्हेगार सापडला की पहिल्याचे दुःख हलके होते, आणि तो पदाधिकारी असला तर नाहीसेच होते.

आता काही मंडळी न्यायालयापर्यंत थांबत नाहीत. जागीच न्याय करतात. सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे गाडीत किंवा गाडीवर बसून राहणे. माणूस आत असला की गाडी उचलता येत नाही, असा आपला विश्वास. त्या विश्वासाचे काय होते ते दोन शहरांनी पाहिले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक मोटार ओढून नेली गेली, तेव्हा आत एक बाई बाळाला दूध पाजत होत्या. व्हिडिओ देशभर फिरला आणि पोलीस शिपाई निलंबित झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत दुचाकी उचलली गेली ती वर बसलेल्या मालकासकट. तो गृहस्थ दुचाकीवर ताठ बसून हवेत लोंबकळतो आहे, असा फोटो घरोघर पोचला. दोन्ही वेळा चूक कोणाची यावर भरपूर बोलले गेले. माणूस आत असलेली गाडी ओढणे धोक्याचे आणि लाजिरवाणे, हे तर उघडच. पण विमानाचे तिकीट न काढता नाना पेठ वरून पाहणारा इसम आजवर तो एकच.

दुसरा उपाय, टेम्पोला आडवे होणे. तिथे मराठी माणसाला पाठ असलेले एक कलम वाट पाहत असते: तीनशे त्रेपन्न. सरकारी कामात अडथळा. भारतीय न्याय संहितेत त्याचा आकडा बदलून १३२ झाला, पण आकड्याला कोण विचारतो. गल्लीतले पोरगेही अजून 'तीनशे त्रेपन्न लागेल' असेच म्हणते. नुसते भांडण म्हणजे हे कलम नव्हे, त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. पण कॉलरला हात गेला की पाचशे रुपयांचे प्रकरण फौजदारी होते आणि मग गाडी पुढे सुटून येते, मालक मागाहून.

तिसरा उपाय मनातल्या मनात सगळेच करतात: आवाराचे दार उघडे आहे, हवालदार चहाला गेले आहेत, चावी आपल्याकडे, गाडी आपली. न्यावी का? आपलीच वस्तू आपण नेली तर ती चोरी कशी? तर होऊ शकते. १८६० च्या दंड संहितेत चोरीची व्याख्या देताना उदाहरणे दिली होती, ती नव्या संहितेतही आहेत. त्यात एकाने घड्याळ दुरुस्तीला दिले आहे. दुरुस्तीचे पैसे देणे आहे, म्हणून कारागिराने ते कायदेशीरपणे तारण ठेवून घेतले आहे. मालकाने पैसे बुडवण्यासाठी ते हळूच उचलून आणले, तर ती चोरी. स्वतःच्या घड्याळाची! कायदा करणाऱ्यांनी घड्याळ घेतले, कारण १८६० साली उचलून नेण्यासारखे वाहन म्हणजे घोडा, आणि तो ओरडला असता.

सरळ मार्गाकडे येऊ. चूक नसेल तर कायदा खरोखर तुमच्या बाजूने आहे. पावती फाडणे याला कायद्याच्या भाषेत तडजोड म्हणतात, आणि तडजोड कोणावर लादता येत नाही. 'मला गुन्हा मान्य नाही, न्यायालयात बोलेन,' असे म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. ई-चलनावर ऑनलाइन हरकतही घेता येते. तिथे फोटो बोलतात. गाडी लावतानाचा, मागच्या खांबाचा, नसलेल्या पाटीचा. 'पाटी नव्हती' असे नुसते सांगणारा हरतो आणि पाटी नसलेल्या खांबाचा तारखेसह फोटो दाखवणाऱ्याला निदान ऐकून तरी घेतात. लोकअदालतीत थकलेल्या चलनांची तडजोड होते, कोर्ट फी लागत नाही, पण तिच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणजे तिथे जायचे ते मिटवायला, जिंकायला नव्हे. वकीलकाका दोन्ही एकाच दिवशी करायला गेले होते.

या मार्गाची अडचण हिशोबाची आहे. दंड पाचशे, दुसऱ्यांदा तीच चूक केली तर महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून पंधराशे. तो वाचवायचा तर एक रजा, जाण्या-येण्याचे पेट्रोल, कोर्टाबाहेर गाडी लावायला जागा (ती नसतेच), आणि तिथून गाडी उचलली गेली तर पुन्हा पहिल्यापासून. न्याय स्वस्त आहे, पण त्याच्या दारात पार्किंग नाही.

गाडीला ओरखडा आला तर? इथे कायदा ऐकायला फार गोड आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५१ सांगते की, दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना तिची तेवढीच काळजी घ्यावी, जेवढी शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. हे वाचून मी त्या आवारातल्या खात्याच्या स्वतःच्या जीपकडे पाहिले. दाराला दोरी होती. तक्रारीला वाव दिसला नाही.

सरकारी ताब्यातल्या वाहनांवर सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना, उत्तम निकाल आहे. १९४७ साली जुनागढच्या कस्टमवाल्यांनी एका व्यापाऱ्याचे दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली. त्याचे अपील चालू असतानाच त्या बेवारस म्हणून निकालात काढल्या गेल्या. अपील तो जिंकला, पण परत मिळायला गाड्याच नव्हत्या. प्रकरण चालता चालता जुनागढ सौराष्ट्रात गेले, सौराष्ट्र मुंबई राज्यात आले, मग गुजरात झाले, आणि १९६७ मध्ये न्यायालयाने सांगितले: ताब्यात घेतलेली वस्तू सांभाळणे आणि हक्क ठरल्यावर परत करणे ही सरकारची जबाबदारीच आहे. वीस वर्षांत तीन राज्ये बदलली, पण तत्त्व टिकले. त्याच्या आधाराने आज बंपरचा खर्च मागता येईल. अट एवढीच की ओरखडा नवा आहे हे तुम्हाला दाखवता आले पाहिजे. म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी, आवारातच, चारही बाजूंनी व्हिडिओ काढावा आणि नुकसान पावतीवर किंवा तक्रारीत तिथेच लिहून द्यावे. घरी येऊन लिहिलेला ओरखडा सोसायटीच्या खांबाचा ठरतो.

कायद्यात आणखी एक वाक्य आहे, ते पुणेकरांनी वाचू नये. जुन्या दंड संहितेचे कलम ९५ म्हणते की, हानी जर इतकी किरकोळ असेल की सर्वसाधारण समजुतीचा कोणीही माणूस तिची तक्रार करणार नाही, तर तो गुन्हा नव्हे. किरकोळ हानीची तक्रार न करणारा माणूस! हे लिहिणाऱ्यांची पुण्यात कधी बदली झाली नसावी.

राहता राहिला सर्वांत धारदार उपाय, आणि तो दहा रुपयांचा आहे. २००५ चा माहितीचा अधिकार. 'अमुक रस्त्याची अमुक बाजू नो पार्किंग करणाऱ्या आदेशाची प्रत द्यावी,' एवढाच अर्ज. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आदेश नसेल तर तुमचे चलन डळमळीत. असेल तर निदान वाद मिटला. एकदा सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या रस्त्यासाठी आम्ही तो मागवला. काका म्हणाले होते, आदेश निघालेलाच नसणार, मी लिहून देतो. उत्तर आले, सोबत आदेशाची स्वच्छ छायाप्रत. मोटार वाहन कायद्याची कलमे ११५, ११६, ११७ यांनुसार, अग्निशामक दल, रुग्णवाहिका वगैरे अत्यावश्यक सेवेची वाहने वगळून, प्रायोगिक तत्त्वावर. आणि खाली, शेवटच्या परिच्छेदात, नागरिकांच्या हरकती व सूचना असल्यास त्या लेखी कळवाव्यात, त्या विचारात घेऊन अंतिम आदेश काढण्यात येईल.

म्हणजे गाडी उचलण्याच्या कितीतरी आधी, कोणाचा दंड नाही, कोणाची रजा नाही, अशा शांत वेळी, कायद्याने आम्हाला विचारले होते: इथे गाड्या लावू नका म्हणतोय, तुमचे काही म्हणणे? ज्या गावात गणपतीच्या स्पीकरपासून पुलाच्या रंगापर्यंत, जावयाच्या पगारापासून बासुंदीतल्या वेलदोड्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर लेखी हरकत घेतली जाते, ज्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या इतिवृत्तातल्या स्वल्पविरामावर पाऊण तास जातो, तिथून त्या रस्त्याबद्दल एकही हरकत गेलेली नव्हती. आम्ही तेही विचारले होते. उत्तरात लिहिले होते: निरंक.

काकांनी छायाप्रत दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि म्हणाले, "याच्यावर आता हरकत घेता येईल का?"

मी म्हटले, "मुदत संपली."

"मग मुदत संपल्याबद्दल घेऊ," काका म्हणाले, आणि कागद मागायला आत गेले.